बेडं घाल गो, बाय

हिमा नावाची कुणी बाई नाही, हे कळायला सौदीतल्या राबिघला राहणाऱ्या आम्हा बायकांना दोन वर्षं लागली. तोवर आम्ही एका सरळ माणसाला मनातल्या मनात फासावर चढवून मोकळ्या झालो होतो!

तो माणूस म्हणजे चाचा. लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणायचो. मूळचे रत्नागिरीकडचे, पेशानं गवंडी. तरुणपणी इकडे आले ते तैफच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात दगडाची भिंत बांधायला, आणि चाळीस वर्षं त्या भिंतीपाशीच राहिले. महिना-दीड महिन्यानं त्यांची खिळखिळी पिकअप राबिघला आमच्या कॉलनीच्या फाटकाशी येऊन थांबायची. मागं मधाच्या बाटल्या, तुपाचे डबे आणि हंगामात बोरं. हो, बोरं! अरब लोक त्या झाडाला सिद्र म्हणतात, पण फळ तोंडात टाका, आपलं बोरच. आमच्या कॉलनीत जेवढ्या पोरांची बोरन्हाणं झाली तेवढी चाचांच्या बोरांवर झाली. माझ्या नातीचं पण. माझा मुलगा इथल्या तेलाच्या कारखान्यात इंजिनियर. आम्ही जळगावकडचे. मी आले नातीला सांभाळायला, ती आता मला सांभाळते.

तर हिमा. चाचांना कुणी म्हटलं, जेवून जा, की उत्तर ठरलेलं.

"नाय गो बाय. हिमा एकटी हाय."

शेजारीण माझ्याकडं बघायची, मी शेजारणीकडं. पुढच्या खेपेला तिनं हळूच विचारलं, "हिमा बरी आहे ना चाचा?"

"कसली बरी! दोन वरसं झाली, पार सुकली हाय. अंगावर काय उरलं नाय."

"जपा हो तिला."

"जपतंय म्हनून तर हाय. कुनी हात लावून बघू दे, हात मोडून ठेवीन."

झालं! गावी बायको, दोन लेकी, नातवंडं, आणि इकडं डोंगरात ही हिमा! आम्ही बायकांनी ठरवलं, मध घ्यायचा नाही. पण बोरांवाचून अडलं तेव्हा म्हटलं, मी म्हातारी, मला कोण काय बोलणार, मीच विचारते.

"चाचा, गावी वहिनींना माहीत आहे का हिमाचं?"

"तर! फोटो पाठवतंय की दर जुम्म्याला."

"आणि त्या काही म्हणत नाहीत?"

"म्हनते, माझ्यापरीस तिच्यावर जीव हाय तुमचा."

मी कपाळाला हात लावला. "वय काय हो तिचं?"

चाचा खरंच विचारात पडले. बोटं मोजली. "आमचा म्हातारा कफील सांगतो पाचशे वरसं. जास्तच असंल."

कफील म्हणजे त्यांना इकडं कामाला आणणारा अरब मालक. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग चाचांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. डोंगराचा उतार, त्यावर सरूसारखी दाट हिरवी झाडं, मधे रानजैतून, मधे बाभळीच्या जातीची छत्रीसारखी पसरलेली झाडं, खाली वाळकं गवत, आणि भोवती लांबच लांब दगडी भिंत. अरबीत हिमा म्हणजे राखलेलं रान, आणि चाचा त्याचे राखणदार! मी अशी हसायला लागले की चाचांनी माझ्यासाठी फाटकावरच्या पोऱ्याकडून पाणी आणवलं. कारण सांगितल्यावर तेही हसले, पण थोडंसंच. म्हणाले, "बायको असती तर एक बरं झालं असतं. ती मेली तर मानूस रडून गप होतो."

त्या रानाचे कायदे चाचांना तोंडपाठ. फुलं आली की पहिला मान मधमाश्यांचा. दुष्काळात गवत हवं तर विळ्यानं कापून न्यायचं, जनावर आत सोडायचं नाही. लाकूड फक्त पडलेलं. पाऊस झाला की गवत वाढू द्यायचं, त्याचं बी पिकून जमिनीवर पडू द्यायचं, आणि मगच भिंतीचं दार उघडायचं. मग गावातल्या सगळ्यांच्या शेळ्या-मेंढ्या एकदम आत. आणि बी पडायच्या आधी कुणाचं जनावर आत सापडलं, तर ते जनावर कापायचं आणि सगळ्या गावाला जेवू घालायचं. पैसे भरून सुटका नाही.

चाचा स्वतः त्या रानातली दात घासायची काडीसुद्धा घेत नसत. दुकानातनं ब्रश आणत. म्हणत, "मी काडी मोडली की लोक फांदी मोडतील." एकदा आमच्या दारात चपला काढताना त्यांच्या मोज्यात गवताचं कुसळ सापडलं. आपण काय करू? उपटून फेकू. चाचांनी माझ्याकडून कागदाचा तुकडा मागितला, कुसळाची पुडी बांधली, वरच्या खिशात ठेवली. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "बी हाय त्याला. घरी पोचवतंय." चारशे किलोमीटर हो! एका कुसळासाठी.

आणि माकडं! तिथं डोंगरात तांबड्या बुडाची, मोठाल्या आयाळीची माकडं टोळ्यांनी फिरतात. चाचा त्यांना शिव्या घालायचे त्या आपल्या रत्नागिरीच्या बोलीत. मी विचारलं, अरबी माकडांना मराठी कशी कळणार? तर गंभीरपणे म्हणाले, "म्हनून तर. अरबी बोललं तर राग धरतात." रोज सकाळी सगळी भिंत चालून यायचे, डावा हात दगडांवरून फिरवत. निसटलेला दगड डोळ्यांच्या आधी हाताला कळतो म्हणे. भिंतीला भिंत म्हणायचे नाहीत, गडगा म्हणायचे. तो कोकणातला शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. त्यांचे सगळेच शब्द कळले असते तर पुढचं झालं नसतं.

तीन कोरडी वर्षं गेली आणि एका वसंतात त्या डोंगरावर पाऊस पडला, सलग चार दिवस! चाचांचा फोन आला तो इतक्या मोठ्यानं की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "बाय, ये! पोराला सांग गाडी काढ! गुडघ्याइतकं गवत हाय! ये गो!"

शुक्रवारी पहाटे निघालो. मुलगा, सून, नात, मी. मक्केत मुसलमानांशिवाय कुणाला प्रवेश नाही, म्हणून अलीकडून आम्हाला वळशाचा रस्ता, तो घेतला, आणि पुढं घाट चढायला लागलो. गार वारा काय, ढग काय! नात दर वळणावर ओरडत होती, "आजी, लुक! आजी, ग्रीन!" मी पण ओरडत होते. राबिघला वर्षानुवर्षं कारखान्याच्या चिमण्या आणि पाइप बघितलेले डोळे, त्यांना एवढं हिरवं एकदम सोसेना.

चाचा वाटेवर येऊन उभे होते. बरोबर त्यांची एकुलती एक शेळी, काळी, एक कान फाटका. तिच्या दुधाचा चहा आधी पाजला. मुलगा, सून आणि नात गावातलं जुनं दगडी घर बघायला म्हाताऱ्या कफीलबरोबर गेले. चाचा मला म्हणाले, "चल, तुला आधी दाखवतंय. तू विचारलं होतंस ना तिचं वय!"

गडग्याला एके ठिकाणी वाट होती. दोन्ही बाजूंना दगडी खांब, खांबांना भोकं, भोकांत आडवे सरकवलेले तीन वासे. चाचांनी वासे ओढले, आम्ही आत गेलो. काय सांगू तुम्हाला! गवताला तुरे आलेले, अजून कोवळे, दुधाळ. झाडाखाली वास असा, कापूर चुरडावा तसा. मधमाश्यांची गुणगुण डोक्यावरून चाललेली. तेवढ्यात दगडावर एक प्राणी येऊन बसला, ससा म्हणावा तर कान नाहीत, घूस म्हणावी तर शेपूट नाही, आणि माझ्याकडं असं बघतोय जसं मीच त्याच्या घरात शिरले. मी किंचाळलेच आनंदानं. नातीला आणायलाच हवं! मी पळाले दाराकडं. हो, या वयात पळाले.

मागून चाचा वर झऱ्याकडं चढत होते. तिथनं ओरडले, "बेडं घाल गो, बाय! मी पानी बघून येतंय!"

मी म्हटलं, "घालते, घालते!"

आता बेड म्हणजे काय? आपल्याकडं बेड म्हणजे अंथरूण. म्हटलं, बिचारे दमले असतील, जेवायच्या आधी जरा पाठ टेकायची असेल. मी बाहेर आले, गाडीतनं सतरंजी काढली, बाहेरच्या जैतुनाखाली छान अंथरली, वर चादर, उशाला सुनेची शाल गुंडाळून. अगदी मन लावून बेड घातला! मग नातीला शोधायला गावात गेले.

परत आलो तेव्हा चाचा दाराशी उभे. तिन्ही वासे जमिनीवर. आणि आत, गवतात पोटापर्यंत बुडालेली ती काळी शेळी, फाटका कान हलवत, दोन सतरंज्यांएवढा पट्टा साफ करून उभी.

"बेडं घाल म्हटलं होतं ना?"

"घातलं की!" मी जैतुनाखाली बोट केलं.

चाचांनी सतरंजी बघितली. उशी बघितली. मग त्या वाशांकडं बोट केलं. "ह्याला बेडं म्हनतात."

अरबी शब्दावर हसलेली मी, मराठी शब्दावर पडले!

चाचा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते वर बघत होते. कारण वाटेच्या वरच्या अंगाला एक माणूस पिकअपला टेकून हे सगळं बघत होता. कफीलचा पुतण्या. त्याच्या दोनशे मेंढ्या, विकतचा चारा घालून घालून तो टेकीला आलेला, आणि पाऊस झाल्यापासून रोज म्हणत होता, उघडा हिमा, बी पडायची वाट कशाला? जुने कायदे म्हाताऱ्यांबरोबर गेले. चाचा त्याला रोज नाही म्हणत होते. तो हसला आणि गावाकडं गेला.

दुपारच्या नमाजानंतर त्याच जैतुनाखाली गाव जमलं. माणसं तीसेक असतील. बायका जरा मागं, त्यांच्यात मी आणि सून. माझा मुलगा कारखान्यात अरबी शिकलाय, तो मला हळू आवाजात सांगत होता.

पुतण्या म्हणाला, "राखणदाराची शेळी आत चरली. मग माझ्या मेंढ्यांनी काय पाप केलंय? उद्या सकाळी मी आणतो."

कफील म्हातारा, चाचांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, चाचांवर भावासारखी माया. त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला. "एक शेळी, चार घास. पाहुणे आलेले. जाऊ दे. खलास."

तेव्हा चाचा उठले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मुलानं सांगितलं तसं लिहिते. म्हणाले, "शेख, आज तुम्ही खलास म्हणाल, तर उद्या दोनशे मेंढ्या, परवा पाचशे. तीन वर्षांनी गवत आलंय, बी अजून हिरवं आहे. ते पडायच्या आधी चरलं, तर पुढच्या पावसाला उगवायला काय राहील? शेळी माझी आहे. कायदा माझ्यापासून."

चूक माझी, आणि दंड त्या बिचाऱ्या शेळीला आणि ह्या माणसाला! मी तरातरा पुढं गेले. सून पदर ओढत होती. चाचांना म्हटलं, "सांगा त्यांना, दार मी उघडं टाकलं."

चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि अरबीत काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगा मागनं म्हणाला, "आई, ते सांगतायत की पाहुणीला गाव फार आवडलं."

"चाचा! खोटं बोलता?"

"पाहुन्याचं नाव पुढं करायचं नाय गो. गप बस."

मी कुठली गप बसते! दहा वर्षांत दुकानात जेवढी अरबी कानावर पडली तेवढी गोळा केली, छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "अना बाब मफ्तूह!"

मग कफीलच्या बायकोनं तोंडावर ओढणी घेतली आणि ती हसायला लागली. मग सगळ्या बायका. मग पुरुष. मुलगा म्हणाला, "आई, तू म्हणालीस, मी उघडं दार आहे."

"तेच तर सांगतेय मी!"

कफील डोळे पुसत होता हसून हसून. मग मुलानं सगळी हकिकत सांगितली, सतरंजीसकट, उशीसकट. पुतण्यासुद्धा हसला. कफीलनं निवाडा दिला, "दार पाहुणीचं, तर जेवण पाहुणीचं. तिच्याकडं शेळी नाही. जे येतं ते करून घालील. शेळी सुटली."

मी इतकी खूश झाले की विचारू नका! मला वाटलं, जिंकलो. पण चाचा बसलेच नाहीत.

"बाईनं दार उघडं टाकलं, त्याचा दंड बाईचा," ते म्हणाले. "पण ते बंद करायचं काम राखणदाराचं. मी ते दुसऱ्यावर सोपवलं, ते पण तिला न कळणाऱ्या शब्दात. तो दंड माझा. एका दारातनं दोन चुका झाल्या, दोन दंड होतील."

कफील म्हणाला, "कोण मागतंय दुसरा?"

चाचांनी पुतण्याकडं बोट केलं. "हा मागतोय. बोलत नाही एवढंच."

पुतण्या खाली बघायला लागला.

त्या रात्री आम्ही राहिलो. सकाळी मी कामाला लागले. काय करायचं, ते मी त्यांच्या चुलीकडं बघितल्यावरच ठरलं होतं. त्या बायका भाकरीसाठी लोखंडी तवा पालथा घालतात, घुमटासारखा. अहो, हे तर आमचं खापर! आमच्या खानदेशात पालथ्या खापरावर मांडे करतात, पुरणाचे, हातावर लुगड्यासारखे पातळ पसरवून. गावातल्या छोट्या दुकानात हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळ नाही. मग खजूर घातले. कणीक तिंबून तिंबून हात दुखले. पहिला मांडा मनगटावरून कोपरापर्यंत पसरवून तव्यावर टाकला, तेव्हा मागं बायकांचा असा कल्ला झाला की पुरुष बघायला धावले. कफीलची बायको म्हणाली, मला करू दे. तिचा पहिला फाटला, दुसरा फाटला, तिसरा झाला, आणि तिनं तो सगळ्या आळीत मिरवला.

चाचांची शेळी सकाळीच कापली होती. कापायच्या आधी त्यांनी तिला पाणी पाजलं, ते मी खिडकीतून बघितलं, आणि परत पुरणाकडं तोंड केलं.

दुपारी मोठ्या परातींत भात, त्यावर मटण, शेजारी मांड्यांची चळत आणि वर त्याच रानातला मध. मी मटण खात नाही. चाचांनी त्या दिवशी खाल्लं नाही. मांडे चार खाल्ले. पुतण्या समोर बसला होता. त्यानं मटणाचा घास घेतला, चाचांकडं बघितलं, परत घास घेतला. मग एक मांडा मोडून निम्मा चाचांच्या पुढं ठेवला आणि काही न बोलता हात धुवायला उठला. निघताना आम्ही बघितलं, त्याच्या पिकअपमागं विकतच्या चाऱ्याच्या पेंढ्या चढत होत्या.

गाडीत बसताना मी चाचांना म्हटलं, "माझ्यामुळं तुमची दुभती शेळी गेली हो."

"शेळी दुसरी मिळंल," ते म्हणाले. "काल कुनी हसून सोडून दिली असती ना, तर मना इथनं जायला लागलं असतं. मंग मी कुठं गेलो असतो? गावी? तिथं मना कोन वळखतो?"

तेव्हा मला कळलं, आदल्या दिवशी त्या झाडाखाली ते नेमकं काय वाचवत होते.

पुढं सहा आठवडे मी रोज फोन करायचे. "पडलं का बी?" "नाय गो." "पडलं का?" "हिरवंच हाय." नात मला चिडवायची, सून म्हणायची, आई, परीक्षेचा निकाल आहे का हा? मी म्हणायचे, हो, आहे!

मग एका सकाळी मी पोहे परतत होते आणि मोबाइल वाजला. चाचांचा आवाजाचा निरोप. चांगला चार मिनिटांचा. लावला. आधी लाकूड दगडावर घासल्याचा आवाज. मग खुरं, खुरंच खुरं, गावातल्या सगळ्या जनावरांचा लोंढा, गलका, कुणीतरी अरबीत ओरडतंय, माझा मुलगा कान लावून म्हणाला, "हा पुतण्या! म्हणतोय, राखणदाराला पुढं जाऊ द्या!" आणि मग सगळं हळूहळू शांत होत गेलं. मी वाट बघत होते, आता चाचा ओरडतील, बाय, ऐक गो! नाही. एवढा बोलका माणूस, एक अक्षर नाही. नुसता गवत तोडल्याचा आवाज. शेकडो तोंडं एकदम. कुर्र, कुर्र, कुर्र. मी गॅस बंद केला. सून ओट्याशी येऊन उभी राहिली, नात माझ्या कमरेला टेकली. आम्ही सगळे ते चरणं ऐकत उभे.

अगदी शेवटी, निरोप संपता संपता, तोंड फोनला चिकटवून ते पुटपुटले.

"चरतायत गो, बाय. चरतायत."